भयाचा आस्वाद आणि पाहण्याचे दायित्व

निर्जीव बाहुल्याचे डोळे काढले गेलेले पाहून प्रेक्षक हादरतो, तेव्हा त्याच्या भयाला काही नैतिक मूल्य असते काय? पॉल बेरी यांच्या ‘द सँडमॅन’ (१९९१) या लघुपटाने हा प्रश्न टोकाला नेला आहे. हॉफमनच्या १८१६ च्या कथेतील दाई सांगते की, न झोपणाऱ्या मुलांचे डोळे वाळूवाला नेतो आणि आपल्या पिलांना भरवतो. कथेत हे केवळ सांगणे आहे. पटात ते घडते.

फ्रॉइडने १९१९ मध्ये या नेत्रभयाचा उगम दमित बाल्यभयात शोधला. परंतु त्यातून भय का वाटते एवढेच उमगते. ते आस्वाद्य का होते, हे नव्हे. अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाच्या आधारे दाखविले की, काव्यातील भय देश, काल, ‘मी’ आणि ‘तो’ या विशेषांतून सुटते. बाहुल्याला तर व्यक्तित्वच नाही. त्याचे भय जणू आरंभापासूनच साधारणीकृत. मग प्रेक्षकाने निर्धास्त व्हावे काय?

‘बाहुल्याच तर आहेत’ ही प्रतिक्रिया तसा परवाना देते. श्रेयनामावलीबरोबर दृष्टी गमावलेली मुले चाचपडताना दिसतात, तेव्हा तो परवाना गळून पडतो. आपण इतका वेळ जे उपभोगले ते पाहणेच होते, आणि नेमके तेच त्यांच्याकडून हिरावले गेले आहे. साधारणीकरण भयाला स्वार्थापासून मुक्त करते, दुसऱ्याच्या दुःखापासून नव्हे. हा भेद शाबूत असेल तोवरच भयानकाचा आस्वाद निर्दोष म्हणता येईल.