कानाचा सातबारा

परमेश्वराने डोळ्यांना पापण्या दिल्या, पण कानांना झाकणं द्यायची राहून गेली. मंगल कार्यालयाच्या शेजारी घर असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याने या विषयावर पुष्कळ चिंतन केलेलं असतं. नको ते दृश्य दिसलं की डोळे मिटता येतात, पण नको ते ऐकू आलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करण्यापलीकडे इलाज नसतो. या बाबतीत माणसाला पहिली खरी मदत केली ती जपान्यांनी. १९७९ साली तिकडे वॉकमन निघाला आणि चारचौघांत बसूनही चारचौघांत नसण्याची सोय झाली.

ही सोय आता मोटरसायकलवर चढली आहे. आमच्या भाच्याने हेल्मेटमध्ये गाण्याची यंत्रणा बसवून घेतली आहे. कानांपाशी अस्तराखाली दोन चपट्या चकत्या असतात आणि त्या गातात. पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना. मग त्याने त्या चकत्या काढून थेट कानाच्या भोकात बसणारे, रबरी टोपीचे इवलेसे स्पीकर आणले. त्यावर हेल्मेट. ज्या पुण्यात २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, त्याच पुण्यात पोरगं हेल्मेट घालतं याचं कौतुक करावं, की आत कानात बुचं मारतं म्हणून कान उपटावा, हेच कळेना. शिवाय उपटायचा तर आधी तो सापडायला हवा.

"अरे, मागून ट्रक आला तर?" मी विचारलं.

"मामा, तुम्हाला त्यातलं शास्त्र माहीत नाही," तो म्हणाला. भाचे मंडळी हे वाक्य फार प्रेमाने म्हणतात.

पण शास्त्र खरंच होतं. गाडी ताशी शंभराच्या वेगाने निघाली की हेल्मेटच्या आत वाऱ्याचा गोंगाटच नव्वद-शंभर डेसिबलपर्यंत जातो. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. त्या हिशेबाने शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. चकत्यांना या वाऱ्याच्या वर ओरडावं लागतं. बुचं वाराच अडवतात, त्यामुळे गाणं हळू लावलं तरी पुरतं. शिवाय बुचाने वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच मंद होतात, म्हणून वाऱ्यातून हॉर्न पूर्वीइतकाच वेगळा ओळखू येतो.

"म्हणजे कान बंद केल्यावर नीट ऐकू येतं?"

"अगदी बरोबर."

ही भाषा मी आजवर फक्त कीर्तनात ऐकली होती.

आता खरं सांगायचं तर हा युक्तिवाद महामार्गावर बिनतोड आहे. पण आमचे चिरंजीव रोज जातात कोथरूडहून स्वारगेटला. त्या रस्त्यावर वाऱ्याचा आवाज यायला आधी वारा लागावा इतकी गाडी पळायला हवी! तिथे बुचं अडवतात ती वाऱ्याला नव्हे, माणसांना.

यावर भाच्याने ठेवणीतला मुद्दा काढला. "ज्यांना मुळीच ऐकू येत नाही, त्यांनाही आपल्याकडे परवाना मिळू शकतो. मग आम्हीच काय पाप केलं? आणि काचा वर करून गाणी ऐकणाऱ्या मोटारवाल्यांना तुम्ही काही म्हणत नाही."

मोटारवाल्यांनाही म्हणायला माझी हरकत नाही, पण काच वर असल्यामुळे त्यांना ते ऐकू जात नाही.

परवान्याच्या मुद्द्याने मात्र मला दोन दिवस विचारात पाडलं. उत्तर मिळालं ते मराठी भाषेत. आपण नुसतं ऐकत नाही, आपण कान 'देतो'. ज्याला ऐकू येत नाही त्याने आपलं लक्ष दुसऱ्या कुणाला दिलेलं नसतं. ते सगळं डोळ्यांत आणून तो रस्त्यावर ठेवतो आणि आरशात दोनदा बघतो. गाणं ऐकणाऱ्याने कान आधीच देऊन टाकलेले असतात. १९५३ साली कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडून पाहिली. एका कानाकडे लक्ष द्यायला सांगितल्यावर, दुसऱ्या कानात काय बोललं गेलं हे लोकांना जवळजवळ सांगताच येईना. कान उघडे असून ही गत! ग्रीकांच्या ओडिसियसला हे आधीच ठाऊक असावं. जादूच्या गाण्याच्या बेटाजवळून जाताना त्याने वल्हेकऱ्यांच्या कानात मेण घातलं, आणि गाणं स्वतः ऐकलं ते डोलकाठीला बांधून घेऊन. थोडक्यात, ऐकणाऱ्याच्या हाती वल्हं नको. गाणं मागे बसणाऱ्याने ऐकावं.

हॉर्नवाल्यांची बाजू मी घेत नाही. ट्रकमागची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरं २०१५ साली सरकारने बंद केली, पण ती आपल्या मनावरून पुसली गेली नाहीत. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून कोकलणाऱ्यांना बुचं हेच योग्य उत्तर आहे. अडचण अशी, की ते उत्तर त्यांना मिळत नाही. हॉर्न मोठा असतो, तो बुचातूनही आत शिरतो. बाहेर राहते ती सायकलची घंटी. रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंचं "अरे बाबा, थांब जरा" बाहेर राहतं. ज्याच्यापाशी मोठा आवाज नाही, तोच नेमका उंबऱ्याबाहेर उभा राहतो.

जमिनीच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. शेत तुमचं, पण बांधावरून जाण्याची वहिवाट शेजाऱ्याची असू शकते. कानाचंही तसंच आहे. घरी त्यात काय पेरायचं ते पेरा, हमरस्त्यावर वाऱ्याला कुंपण घाला. पण वस्तीतून जाताना त्या आजीबाईंचं नाव इतर हक्कात आहे, आणि त्यांची वाट अडवण्याचा अधिकार मालकालाही नाही.

हे सगळं मी भाच्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. ती मला पटून डोलावली की गाण्याच्या ठेक्यावर, हे हेल्मेटमुळे समजलं नाही.