गीतेतील दोन सारथी

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ एका अंध पुरुषाच्या प्रश्नाने होतो, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. धृतराष्ट्र दोषी खरा. परंतु त्याचा दोष पुत्रमोहाचा, अंधत्वाचा नव्हे. हे दोन्ही एकत्र करण्याची जी रूढी आपल्या भाषेत पडली आहे, ती सोडलेली बरी.

भीष्मपर्वात अशी कथा आहे की, युद्धापूर्वी भगवान व्यास त्याच्याकडे आले आणि युद्ध पाहावयाचे असल्यास दृष्टी देतो म्हणाले. कुलक्षय डोळ्यांनी पाहण्याची मला इच्छा नाही, वृत्तान्त मात्र संपूर्ण ऐकावयाचा आहे, असे त्याने सांगितले. तेव्हा व्यासांनी संजयास दिव्यदृष्टी दिली. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. सामर्थ्य असूनही व्यासांनी आपली देणगी त्याच्यावर लादली नाही. आधी विचारले, आणि त्याने मागितले तसे साहाय्य दिले. संजय हा त्याचा सूत. अंध म्हणून त्याने राजापासून काही लपविले नाही. विजय पांडवपक्षाचाच, हेही पित्याच्या तोंडावर सांगितले.

दुसरा सारथी श्रीकृष्ण. त्याने रथ हाकला, मार्ग दाखविला, पण धनुष्य अर्जुनाच्याच हाती ठेवले. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर निर्णयही त्याच्यावरच सोपविला.

आपल्या घरी काय चालते? अपंग मुलगा पंचवीस वर्षांचा झाला तरी पाहुणा त्याच्या देखत आईला विचारतो, ‘हा जेवतो ना नीट?’ पाहुण्याच्या मनात वाईट काही नसते. तथापि आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेले दान सतराव्या अध्यायाने तामस ठरविले आहे. सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र पाहावे लागते. पात्र म्हणजे योग्यता, असा अर्थ आपण घेतो. मला त्यात त्या माणसाची विशिष्ट गरजही दिसते. एकाच मापाच्या शंभर चाकांच्या खुर्च्या वाटल्या तर छायाचित्र उत्तम येते. पण मापात न बसणाऱ्या खुर्चीने पाठीस बाक येतो, अंगास जखमा होतात.

बेंगळुरूत १९५९ साली अपंगांसाठी जी संस्था उभी राहिली, ती एन. एस. हेमा या स्वतः अपंगत्व असलेल्या स्त्रीने. त्याच नगरात १९९९ साली शांती राघवन व दीपेश सुतारिया यांनी ‘इनेबल इंडिया’ सुरू केली. शांतीबाईंच्या भावाची दृष्टी गेली होती, त्या अनुभवातून ती निघाली. तेथील ध्येय अपंगांस नोकरी मिळवून देण्याचे, म्हणजे धनुष्य ज्याचे त्याच्या हाती देण्याचे.

कुटुंबाचाही विचार केला पाहिजे. गांधारीने डोळ्यांस पट्टी बांधली. तिची स्तुती होते, पण राजाला त्याने काय दिसू लागले? दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या मातेला चार तासांचा विसावा मिळाला, तर तिच्या त्यागाच्या स्तुतीहून तो अधिक उपयोगी. आणि तिच्या मनात अखंड एकच प्रश्न असतो : आमच्या मागे याचे कसे होईल?

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली आहे. पालकाने त्या व्यक्तीच्या जागी नव्हे, तिच्यासह, परस्परविश्वासाने आणि तिच्या इच्छेस अनुसरून निर्णय करावा. तोही विशिष्ट काळापुरता आणि विशिष्ट बाबीपुरता. व्यासांची रीत याहून फार निराळी नव्हती. बँकेच्या खिडकीशी मात्र अजूनही सहीचा कागद पुढे सरकतो, तो पुष्कळदा वडिलांकडे.