उंबरठ्याबाहेरचे सैन्य

साथ आली की सरकार सैन्याकडे दोन गोष्टी मागू शकते. पहिली म्हणजे वाहतुकीची आणि उभारणीची ताकद: विमाने, जहाजे, ट्रक, तंबू, फिरती रुग्णालये, हुकूम मिळताच रातोरात निघणारी माणसे. दुसरी म्हणजे माणसांना अडवण्याची आणि त्यांच्या दारात शिरण्याची ताकद. दोन्ही कामे एकाच गणवेशातली माणसे करतात, म्हणून ती एकच वाटतात. पण पहिल्या कामाने लोकांचा जीव वाचला आणि दुसऱ्याने बहुतेक वेळा साथ आटोक्यात येण्याऐवजी लोकच बिथरले, असे गेल्या दोनशे वर्षांत दिसते. सैन्य उंबरठ्याबाहेर थांबले की आत शिरले, हा फरक लहान नाही. कोलकाता हे शहर तो तपासायला सोयीचे आहे. साथीचा कायदा झाला तो इथे, त्याचा सर्वांत कडक अनुभव आला तो पुण्यात, आणि लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आजही इथल्याच किल्ल्यात आहे.

सैन्य आणि साथ यांचे मूळ नाते मात्र उलटे आहे. साथ थांबवायला शिकण्याच्या कितीतरी आधीपासून सैन्य ती पसरवत आले. ऑगस्ट 1817 मध्ये बंगालमधल्या जेसोर भागात पटकीचा मोठा उद्रेक झाला आणि लगोलग ती कलकत्त्यात पोचली. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज पेंढारी आणि मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात उतरला होता. 5 नोव्हेंबरला इकडे खडकीची लढाई झाली; तिकडे त्याच महिन्यात हेस्टिंग्जच्या तळावर पटकी पडली. लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त मेले ते बुणगे: भिस्ती, मोतद्दार, हमाल, बाजारकरी. शेवटी तळ मोडून बेतवा नदीकाठच्या मोकळ्या जागी हलवावा लागला. पुढच्या वर्षी पटकी मुंबईला पोचली. पेशवाईचा शेवट सांगताना मराठी इतिहासात खडकी, कोरेगाव, अष्टी येतात. पटकी क्वचितच येते.

शंभर वर्षांनी हेच पुन्हा घडले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांची ने-आण करणारी जहाजे मुंबई बंदरात येत होती. 10 जून 1918 रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस तापाने आजारी पडून रुग्णालयात आले. महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेलेली इन्फ्लुएन्झाची साथ तिथून रेल्वेच्या डब्यांत बसून देशभर गेली. तिच्याशी झुंजायला हवे होते ते पुष्कळसे डॉक्टर त्या वेळी लष्करी नोकरीत परदेशी आघाड्यांवर होते.

मधल्या काळात लष्कराने आरोग्याचा विचार केला, पण तो स्वतःपुरता. भारतातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी 69 असल्याचे 1863 च्या रॉयल कमिशनने दाखवून दिले, आणि त्यानंतर छावण्यांत रुंद रस्ते, गटारे, गाळलेले पाणी आले. हे आरोग्यशास्त्र छावणीच्या कुंपणाशी संपे. तरीही त्यातून एक अनपेक्षित फळ निघाले. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मूळची लष्करी सेवा. शांततेच्या काळात तिचे डॉक्टर मुलकी कामाला दिले जात. त्यांच्यापैकी रोनाल्ड रॉस याने 1898 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयात, म्हणजे आजच्या एसएसकेएममध्ये, पक्ष्यांतला हिवताप डासांवाटे पसरतो हे सिद्ध केले. लिओनार्ड रॉजर्सने याच शहरात पटकीच्या रोग्यांच्या शिरेत तीव्र मिठाचे पाणी सोडून मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. साथीच्या बाबतीत लष्कराने कलकत्त्याला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी म्हणावी लागेल. तीत बंदुकीचा कुठेही संबंध नव्हता.

बंदुकीचा संबंध आला तो प्लेगमध्ये. मुंबईत 1896 साली प्लेग उघडकीला आला. तेव्हा राजधानी असलेल्या कलकत्त्यात 28 जानेवारी 1897 रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा सदस्य जॉन वुडबर्न याने साथीच्या रोगांचे विधेयक मांडले आणि आठवड्याभरात, 4 फेब्रुवारीला, ते मंजूर झाले. अवघी चार कलमे. त्यांत सैन्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या कलमाने सरकारला एवढेच सांगितले की, आवश्यक ते उपाय योजण्याचा अधिकार ते ‘कोणत्याही व्यक्तीला’ देऊ शकते. चौथ्या कलमाने सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावता येणार नाही, अशी हमी दिली.

पुण्यात ही ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे गोरा सोजीर ठरला. रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिटीने 13 मार्च 1897 पासून सैनिकांकरवी घरांच्या झडत्या सुरू केल्या. तीन गोरे सैनिक आणि सोबत एक एतद्देशीय गृहस्थ, अशी टोळी वाड्यात शिरे. माजघर, देवघर, कोठीची खोली, काही सुटत नसे. आजाऱ्याला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत हलवत, अंथरूण-पांघरूण जाळत, भिंतींना चुना फासत. बायामाणसांच्या बगला-जांघा उघड्यावर तपासल्याच्या तक्रारी झाल्या. देशी शिपाई आपल्या माणसांना सामील होतील, गोरा होणार नाही, हा यामागचा हिशेब. तो कारभाराच्या दृष्टीने बिनचूक आणि माणसांच्या दृष्टीने पुरता चुकलेला होता. या टोळ्यांच्या भीतीने लोक आजारी माणूस दडवू लागले, आणि जो रोगी शोधायचा तोच अधिक खोल लपला.

त्यात आणखी एक दोष होता, जो त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांवाटे माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये दाखवले. म्हणजे सैनिक खोल्या धुंडाळत होते ते माणसासाठी, आणि खरा वाहक भिंतीतल्या बिळातून शेजारच्या वाड्यात निघून गेलेला असे. 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैत. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

याच पुण्यात त्याच महिन्यांत लष्कराशी संबंधित एक माणूस वेगळ्या रीतीने काम करत होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे लष्करी सेवेतले डॉक्टर. त्यांनी रजा घेऊन शहराबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई रोगी तिथे आणत. 10 मार्च रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या, सैनिकांच्या झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. रोगी दवाखान्यात दोन्हीकडे पोचत होता. एकीकडे त्याला आणणारा हात ओळखीचा होता.

कलकत्त्याची पाळी वर्षभराने आली. 30 एप्रिल 1898 रोजी शहरात प्लेग जाहीर झाला, आणि योगायोग असा की बंगालचा नायब गव्हर्नर म्हणून नुकताच बसलेला माणूस म्हणजे विधेयक मांडणारा तोच जॉन वुडबर्न. सक्तीने लस टोचणार, बायकांना उचलून नेणार, अशा अफवांनी लोक शहर सोडून पळत होते, दंगे उसळत होते. कायदा स्वतः आणलेला, किल्ल्यात फौज तयार. तरी वुडबर्नने पुण्याचा कित्ता गिरवला नाही. घरात वेगळी खोली करता आली तर रोगी घरीच ठेवायला मुभा दिली. घरच्यांना सोबत राहता येईल अशा रुग्णालयांना परवानगी दिली. लस ऐच्छिक ठेवली. यात दया किती आणि रँडच्या खुनाची धास्ती किती, हे सांगणे अवघड आहे. धास्तीचा वाटा मोठा असावा. पुढच्या वर्षी बागबाजारच्या गल्ल्यांत भगिनी निवेदिता आणि रामकृष्ण मिशनचे लोक झाडू घेऊन उतरले. पुण्यात सोजिरांकडे गेलेले काम इथे शेजाऱ्यांच्या हाती आले.

विसाव्या शतकातले दोन प्रसंग थोडक्यात पाहता येतील. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात भुकेपाठोपाठ हिवताप आणि पटकी आली. ऑक्टोबरात व्हाइसरॉय झालेल्या वेव्हेलने सैन्याला धान्य हलवायला आणि लष्करी वैद्यकीय पथकांना खेड्यांत जायला लावले. उशीर फार झाला होता, पण ट्रक नसल्यामुळे कलकत्त्यात अडलेला तांदूळ हलला तो तेव्हा. उलट 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीतली पटकी डॉ. दिलीप महालनबीश यांनी आटोक्यात आणली ती मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून, तेही रोग्याच्या आईबापांच्या हातून पाजून. शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यू तीन-चारवर आले. तिथे गणवेशाची गरजच पडली नाही.

कोविडच्या वेळी भारताने बव्हंशी पहिल्या प्रकारची ताकद वापरली. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे पुण्याचे. त्याआधी 2018-19 मध्ये ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये पूर्व विभागाचे प्रमुख होते. (या किल्ल्याचे नाव आता विजयदुर्ग झाले आहे, सिंधुदुर्गातल्या जलदुर्गावरून. बर्गींच्या, म्हणजे मराठा स्वारांच्या, भीतीने ज्या शहराने एकेकाळी मराठा खंदक खणला, तिथे हे घडावे, ही इतिहासाची गंमत.) मार्च 2020 च्या अखेरीस नरवणे यांनी ‘ऑपरेशन नमस्ते’ जाहीर केले. त्याआधीच वुहानहून आलेल्या विद्यार्थ्यांना लष्कराने मानेसरला वेगळे ठेवले होते. इराणहून आलेल्या 44 यात्रेकरूंना नौदलाने मुंबईत घाटकोपरला. मे महिन्यात मुंबई लष्कराच्या ताब्यात देणार, अशी अफवा उठली आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना ती जाहीरपणे खोडून काढावी लागली. अफवेला पाय फुटावेत एवढी पुण्याची आठवण अजून शिल्लक आहे की काय, कोण जाणे. रस्त्यावरचा बंदोबस्त पोलिसांकडेच राहिला आणि लाठीही त्यांचीच चालली.

सैन्याचे खरे काम दिसले ते एप्रिल 2021 मध्ये, ऑक्सिजनच्या टंचाईत. मुळात देशात ऑक्सिजन होता. तो चुकीच्या जागी होता. पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत तो तयार होत होता आणि रोगी दिल्ली-महाराष्ट्रात गुदमरत होते. हवाई दलाची सी-17 विमाने रिकाम्या टाक्या घेऊन कोलकात्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या पानागढ तळावर उतरू लागली. सिंगापूरहून आणलेल्या चार टाक्याही तिथेच उतरल्या. रिकाम्याच का, तर द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशाला उकळतो, टाकीतून थोडाथोडा वायू सुटत राहतो, आणि बंद विमानात हा वायू साठला तर एका ठिणगीने सगळे पेट घेईल. म्हणून जाताना आकाशातून आणि भरून येताना रस्त्याने किंवा रुळावरून. एका फेरीतले दोन-तीन दिवस वाचत. हीच वाहतूक रेल्वे गणवेशाशिवाय करत होती: कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेलेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस 23 एप्रिलला नागपुरात आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला पोचली. नौदलाने आखातातून ऑक्सिजन आणला. त्या जहाजांत माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस कोलकाता’ होती. क्षेपणास्त्रे डागण्यासाठी बांधलेल्या विनाशिकेने मे महिन्यात न्यू मंगळूर बंदरात ऑक्सिजनच्या टाक्या आणि सिलिंडर उतरवले.

खुद्द कोलकात्याच्या रस्त्यावर सैन्य उतरले ते साथीच्या काळात, पण साथीसाठी नव्हे. 20 मे 2020 रोजी अम्फान चक्रीवादळाने शहरातली हजारो झाडे पाडली. तीन दिवस वीज नाही, पाणी नाही. टाळेबंदी असूनही लोक रस्त्यावर येऊन ओरडत होते. 23 मे रोजी राज्य सरकारने विनंती केली आणि त्याच संध्याकाळी लष्कराच्या पाच तुकड्या कोलकाता आणि दोन्ही चोवीस परगण्यांत निघाल्या. टॉलीगंज, बालीगंज, बेहाला भागांत तोंडाला मास्क बांधलेले जवान यांत्रिक करवतींनी बुंधे कापत होते. रस्ता मोकळा झाल्याखेरीज रुग्णवाहिका जात नव्हती आणि वीज कंपनीची माणसेही पोचत नव्हती. कोणाच्या घरात जायचे नव्हते, कोणाला अडवायचे नव्हते.

या ताकदीला मर्यादाही आहेत. जवान एकत्र राहतात, जेवतात, झोपतात. म्हणून साथ त्यांना लवकर गाठते. एप्रिल 2020 मध्ये मुंबईच्या आयएनएस आंग्रे तळावर वीसएक नौसैनिक बाधित निघाले. लष्करी डॉक्टर मोजके असतात, आणि 2021 मध्ये ईशान्येतली दोन फिरती रुग्णालये विमानाने पाटण्याला नेली तेव्हा ती ईशान्येत उरली नाहीत. सैन्य नवे बळ निर्माण करत नाही, असलेले बळ हलवते. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि सशस्त्र दले केंद्राकडे, त्यामुळे मागणी कोणी व केव्हा करायची, हाही प्रत्येक वेळी राजकारणाचा प्रश्न होतो. दुसऱ्या प्रकारची ताकद वापरण्याचा मोह तर जगात कुठेच संपलेला नाही. ऑगस्ट 2014 मध्ये इबोलाच्या भीतीने लायबेरियाने मनरोव्हियातली वेस्ट पॉइंट ही वस्ती सैनिकांकरवी बंद केली. लोक चिडले, गोळीबार झाला, एक मुलगा मेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला.

भारतात 1897 चाच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानेही वापरला आणि पश्चिम बंगालनेही. त्याच वर्षी संसदेने त्यात दुरुस्ती केली: डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली, दंड वाढवला. सद्‌भावनेची हमी तशीच राहिली. दुसऱ्या कलमातले ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्दही कलकत्त्यात लिहिले गेले तसेच आहेत.