घास घालणारा धनी ठरतो काय?

मोकाट कुत्र्यास भाकरीचा तुकडा घालणारा मनुष्य त्या कुत्र्याचा कोण लागतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. तुकडा घातला, कुत्र्याने खाल्ला, दोघेही आपापल्या वाटेने गेले. यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु या प्रश्नाच्या पोटात दया, संबंध, कर्तव्य आणि हिंसा हे चारही विषय दडलेले आहेत, आणि अहिंसेचे व्रत घेतलेल्या साधूला काय किंवा घरसंसार सांभाळणाऱ्या वासनिकाला काय, तो टाळता येण्यासारखा नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावी पहाटे निघावे. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कोठेही पाहा. बसस्थानकाच्या आवारात, बाजार समितीच्या ओट्यांवर, मटणाच्या दुकानामागील उकिरड्यावर आणि लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या मागे पडलेल्या पत्रावळींच्या राशीवर कुत्र्यांचे कळप दिसतात. आश्रमांची दारेही यास अपवाद नाहीत. जेथे पंगत उठते तेथे कुत्रे येते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. ही संख्या कुत्र्यांनी आपल्या बळावर वाढविलेली नाही. गावाबाहेर टाकलेली मेलेली ढोरे पूर्वी गिधाडे काही तासांत फस्त करीत असत. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन १९९० नंतरच्या दशकात गिधाडे जवळजवळ नष्ट झाली. जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर २००६ साली बंदी आली, पण तोवर त्यांच्या वाट्याचे अन्न कुत्र्यांकडे गेले होते. त्यात शहरांचा कचरा आणि आपले खरकटे यांची भर पडली. सारांश, ज्यास आपण मोकाट म्हणतो तो जीव आपल्याच टाकलेल्या अन्नावर वाढलेला आहे. त्यास बेवारस म्हणताना मनुष्याने थोडे थबकावे.

घास घालणाऱ्याचे नाते काय, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला. ज्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात आपला जिल्हा येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये असे म्हटले की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी ती कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत किंवा निवारागृहात ठेवावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या भागास स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रे दत्तकच घेतले पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या बाजू कायदेपंडितांनी पाहाव्यात. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे हे की, दोन्ही न्यायालये जेथे अडली ती जागा नीतिविचारातील एक जुनी अडचण आहे. घास घालणारा धनी आहे असे म्हटले, तर दया करणाऱ्यावरच सारा भार पडतो आणि उद्या कोणी घास घालणार नाही. तो कोणीच नाही असे म्हटले, तर त्याच्या घासावर पोसलेले कुत्रे शाळेच्या वाटेवर एखाद्या मुलाला चावले असता त्याने खांदे उडवून मोकळे व्हावे, असा अर्थ होतो.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा स्मरावी. पारध्यांनी मागे कुत्री सोडलेला ससा धावत येऊन सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली लपला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही, पारध्यांना समजाविले, आणि भय टळल्यावर सशाला जाऊ दिले. ही लीळा आपण शतकानुशतके ऐकत आलो आहोत, पण तिच्या शेवटाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. स्वामींनी ससा पाळला नाही. त्याला आपला म्हटले नाही, बरोबर घेऊन फिरले नाहीत. तरीही तो मांडीखाली होता तोपर्यंत त्याच्या संकटाचा संपूर्ण भार त्यांनी स्वतःवर घेतला. पारध्यांच्या मागणीला तोंड दिले, आणि संकट खरोखर टळले आहे याची खात्री होईपर्यंत त्याला सोडले नाही. म्हणजे रक्षण आणि धनीपण ही दोन भिन्न आहेत. ममत्व न धरता पूर्ण जबाबदारी घेता येते. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते: ‘आमच्या गल्लीतला मोत्या’ म्हणून ममत्व पुष्कळ असते, आणि मोत्याला लस टोचली आहे काय असे विचारले तर कोणाला ठाऊक नसते.

येथे कोणी म्हणेल, गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचे वर्णन करताना भगवंतांनी ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या पंक्तीत श्वानाचे नाव घेतले आहे. तेव्हा सर्वत्र समान दृष्टी ठेवली म्हणजे झाले. परंतु तेथे सम आहे ती दृष्टी. वर्तन ज्याच्या त्याच्या देहाप्रमाणे करावे लागते. हत्तीचा चारा कुत्र्यापुढे टाकून समत्व सिद्ध होत नाही. कुत्र्याच्या देहाचे धर्म कोणते? कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. वर्षातून साधारण दोनदा ती विते आणि एका वेतात चार-सहा पिले होतात. पोटभर अन्न मिळाले की कुत्रे एका ठिकाणी ठाण मांडते आणि तो टापू आपला समजून राखू लागते. ज्याने दारात रोज भाकरी ठेवली त्याने या सर्व गोष्टींना आरंभ करून दिला. पुढे ती पिले रस्त्यावर ट्रकखाली सापडतात, खरजेने झडतात, पावसाळ्यात कुडकुडून मरतात. त्या मरणांशी आपला संबंध नाही असे म्हणण्यास मन धजत नाही. (लोकांत प्रचलित असलेल्या दत्तमूर्तीच्या चित्रात चार कुत्री असतात, ते चित्र भिंतीवर लावून दारातील कुत्र्याला काठी हाणणारी घरेही असतात. आपले श्रीदत्तात्रेयप्रभू एकमुखी. त्या चित्राशी आपल्याला कर्तव्य नाही, परंतु ही विसंगती पाहण्यासारखी आहे.)

दुसरी शंका अधिक खोल आहे. जीव आपापल्या कर्माचे फळ भोगतो. श्वानयोनीत आलेला जीव भोग भोगत आहे. त्यात आपण हात घालणारे कोण? ही शंका काही भाविक मंडळी प्रामाणिकपणे घेतात, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. पशूची योनी ही भोगयोनी आहे. तेथे नवे पापपुण्य जोडले जात नाही. कुत्रे चावले म्हणून त्याला दोष लागत नाही, राखण केली म्हणून पुण्यही नाही. कर्म करण्याचा अधिकार मनुष्यदेहाला. मग कुत्रा आणि मनुष्य यांच्यात जो काही व्यवहार घडतो, त्यातील कर्तव्याचा आणि दोषाचा वाटा सगळाच्या सगळा मनुष्याकडे येतो. दुसऱ्या बाजूला तो घेण्यास कोणी नाहीच. कर्मसिद्धान्त कुत्र्याचे दुःख कोठून आले हे सांगतो. त्या दुःखापुढे उभ्या असलेल्या माणसाला मोकळीक देत नाही. उद्या आपले मूल तापाने फणफणले तर ‘भोगतो आहे’ म्हणून कोणी दाराला कडी घालून बसत नाही. मग ही शंका कुत्र्याच्याच वेळी का सुचावी?

१९२६ साली अहमदाबादेत याच विषयावर मोठा वाद माजला होता. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातील साठ मोकाट कुत्री मारविली, आणि गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्या कृत्याची बाजू घेतली. अहिंसावादी मंडळी संतापली, पत्रांचा पाऊस पडला, आणि गांधीजींनी लेखामागून लेख लिहून उत्तरे दिली. धनी नसलेली कुत्री रस्त्यावर फिरणे हे समाजाच्या अज्ञानाचे वा आळसाचे लक्षण आहे. भुकेल्या कुत्र्यापुढे तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे, त्याचा अपमान आहे. ज्याला खरी दया असेल त्याने कुत्रा पाळावा किंवा त्यांच्यासाठी पांजरपोळासारखी सोय उभी करावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांचे निदान मला अचूक वाटते. मारण्याला त्यांनी दिलेली संमती मात्र आपण स्वीकारू शकत नाही. आणि आज तर ती व्यवहारालाही धरून नाही, कारण मारून रिकाम्या झालेल्या टापूत शेजारची कुत्री येऊन बसतात हे अनुभवाने कळून चुकले आहे. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली तेव्हा पारशी समाजाने रस्त्यावर उतरून दंगा केला. तेव्हापासून विषाच्या गोळ्यांपर्यंत सर्व उपाय होऊन गेले, कुत्री आहेत तेथेच आहेत. गांधीजींच्या काळी नव्हता असा मार्ग आज उपलब्ध आहे: कुत्रे धरणे, त्याची नसबंदी करणे, पिसाळरोगाची लस टोचणे, ओळखीसाठी कानाला लहानशी खाच देणे आणि जेथून उचलले तेथेच परत सोडणे. २००१ च्या आणि त्यानंतर २०२३ च्या नियमांनी हाच मार्ग घालून दिला आहे.

नसबंदी ही हिंसा आहे काय? आहे. जो जीव संमती देऊ शकत नाही त्याचे शरीर कापले जाते, त्याला वेदना होतात, त्याचे एक देहसामर्थ्य हिरावले जाते. तिला अहिंसा असे गोंडस नाव देऊ नये. परंतु मोठी हिंसा समोर दिसत असता लहान हिंसा टाळून हात स्वच्छ राहतात, ही समजूत चुकीची आहे. सहा पिलांपैकी पाचांचे मरण आपल्या डोळ्यांआड घडते, एवढ्यानेच ते आपल्या हिशेबातून जात नाही. उपचार म्हणून वैद्य गळू कापतो तेव्हा वेदना होतेच. तशी ही वेदना ओळखून, कुशल पशुवैद्याकडून, शुश्रूषेची सोय पाहूनच ती होऊ द्यावी. ज्याला हे मान्य नसेल त्याने निदान घास घालणे थांबवावे. घास चालू ठेवून नसबंदीला विरोध करणे, ही भूमिका मला कोणत्याही बाजूने टिकणारी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती विशेष आहे. बुलढाणा, खामगाव, मोताळा या भागात ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. तेथे बिबटे आहेत, अस्वले आहेत, २०१९ साली टिपेश्वरहून हजाराहून अधिक किलोमीटर चालत आलेला वाघही तेथे मुक्कामाला होता. अरण्याला लागून असलेल्या गावांतील मोकाट कुत्री रात्री शेतांत व रानात शिरतात. ससे, हरणांची पाडसे, मोरांची पिले यांच्या मागे लागतात. कुत्र्यांचे रोग वन्य श्वापदांना जडतात. आणि कुत्र्यांच्या लोभाने बिबट्या गावापर्यंत येतो. सशाच्या लीळेत पारध्यांनी कुत्री सोडली होती. आज ती कोणी मुद्दाम सोडीत नाही. संध्याकाळी आपण त्यांना जेऊ घालतो आणि रात्री ती ससा धरतात. त्या सशाला आता कोणाच्या मांडीखाली जागा आहे? एका जीवावरील दया दुसऱ्या जीवाच्या भयाला कारण होत असेल, तर ती कोठे व कशी करावी याचा विचार दयेतच मोडतो. वनालगतच्या गावांत कुत्र्यांना शिवारात अन्न टाकणे बंद करावे, मेलेली ढोरे उघड्यावर न टाकता पुरावीत.

साधू आणि वासनिक यांचे कर्तव्य येथे वेगळे होते. साधूला स्वामींनी देशाचा, गावाचा, आप्तांचा संबंध सोडावयास सांगितला. आज येथे, उद्या तेथे असे त्याचे अटन. दहा दिवस एका जागी राहून त्याने कुत्र्याला घासाची सवय लावली आणि अकराव्या दिवशी तो निघून गेला, तर मागे उरते ते दारात बसून वाट पाहणारे कुत्रे. म्हणून अटन करणाऱ्याने समोर आलेल्या भुकेल्या जीवाची भूक भागवावी, पण नेम लावू नये. नेम लावण्याचा अधिकार जो गावात राहणार आहे त्याचा, म्हणजे वासनिकाचा आणि स्थायिक आश्रमाचा. २०२३ च्या नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, लहान मुले व वृद्ध यांची वर्दळ नसेल अशी वेळ धरावी, जागा स्वच्छ ठेवावी, असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी ठरवून दिलेल्या जागीच अन्न घालण्यास सांगितले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवून ती तेथे परत सोडू नयेत असे ठरविले. जाळीचा देव येथे यात्रेला आपल्या जिल्ह्यातून हजारो मंडळी जातात. अशा प्रत्येक ठिकाणी उष्टे कोठे पडते आणि ते झाकले जाते की नाही, हे पाहण्याचे काम भाविकांपैकीच कोणी तरी अंगावर घेतले पाहिजे.

राहिला पिसाळलेल्या कुत्र्याचा प्रश्न. गावात अशा कुत्र्यामागे काठ्या घेऊन जमाव धावतो. त्यात कुत्रे हालहाल होऊन मरते आणि धावणाऱ्यांपैकी एखाद्याला चावते ते निराळेच. नियमांप्रमाणे असे कुत्रे धरून वेगळे ठेवावयाचे असते. बहुधा दहा दिवसांच्या आत ते आपोआप मरते. ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, मुलांना घरात ठेवावे, जमाव होऊ देऊ नये. ज्याला चावा झाला असेल त्याची जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काहीही भरू नये. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही, म्हणून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मंत्र, गंडा, देवदर्शन हे सर्व त्यानंतर. लस एका टोचणीत संपत नाही. त्वचेत टोचावयाची असेल तर पहिल्या टोचणीनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावे लागते, आणि जखम भरून आली की शेतीच्या कामात शेवटची टोचणी बुडते. चावा झालेल्या मजुराच्या घरी त्या दिवशी जाऊन त्याला दवाखान्यात घेऊन जाणारा कोणी तरी लागतो. ज्याच्या दारी ते कुत्रे जेवत होते, त्याने हे काम आपल्याकडे घ्यावे.