चार छटांचा हिशेब

गेमबॉयसाठी नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आजही आहेत. चित्र आजच्या संगणकावर काढायचं आणि 1989 सालच्या त्या यंत्राला पेलेल असं करून घ्यायचं, एवढ्याच कामासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडदा 160 बाय 144 पिक्सेलांचा, छटा फक्त चार.

गणित वरवर सोपं आहे. लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांतून उजळपणा काढायचा: लालाचे सुमारे 30 टक्के, हिरव्याचे 59, निळ्याचे 11. मग चारांतली जवळची छटा द्यायची. पण हिरव्या पानांतलं लाल जास्वंद त्यात घालून पाहा. फूल 220, 40, 40 आणि पान 40, 130, 40 असेल, तर उजळपणा येतो 94 आणि 93. डोळ्यांत भरणारं फूल पानांत विरून जातं. हिशेब अचूक असतो; चित्र मात्र हातचं गेलेलं असतं.

म्हणून अशा साधनाने शेवटचा निर्णय स्वतः घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. माझा प्रोग्राम शेजारशेजारचे कोणते रंग एकमेकांत मिसळताहेत ते दाखवतो आणि थांबतो. कोणाला गडद करायचं, कोणाला फिकं, हे चित्रकाराने ठरवायचं. कशाला हात लावला तर जीव जाईल आणि काय उचलायचं आहे, हे खेळणाऱ्याला क्षणात कळलं पाहिजे. आणि ते उजळपणाच्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

शिवाय गेमबॉयचं चित्र ज्या छोट्या चौकोनांतून जुळवलं जातं, त्या टाइलमध्ये रंग नसतोच. 8 बाय 8 पिक्सेलांची टाइल 16 बाइटांत मावते, कारण प्रत्येक पिक्सेलजागी 0 ते 3 यांपैकी एक क्रमांक असतो. पार्श्वभूमीत कोणता क्रमांक किती गडद, ते एकच बाइट ठरवतो. तो टप्प्याटप्प्याने बदलला की सगळा देखावा अंधारत जातो, टाइलना हातही न लावता. हीच सोय टीव्हीवरच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्येही दिसते: त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, फक्त रंगपट्टी वेगळी. नव्वदीत टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी ती पाहिली आहेत. रंग सापडतील तसे क्रमांक वाटणारं साधन ही सोय घालवतं: दोन चित्रांचे क्रम वेगळे पडले, तर एकातलं ऊन दुसऱ्यात सावली होतं.

ठिपके विखरून मधल्या छटांचा भास करण्याची फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची 1976 सालची रीत छायाचित्राला शोभते. इथे मात्र ती महाग पडते. पूर्ण पडद्यावर 360 टाइल बसतात आणि पार्श्वभूमीला एका वेळी 256 वेगळ्या टाइलच वापरता येतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा याव्या लागतात. ही रीत प्रत्येक पिक्सेलची चूक शेजाऱ्यांवर ढकलत जाते, त्यामुळे सपाट आकाशाच्याही टाइल एकमेकींसारख्या राहत नाहीत. ठिपके ठरावीक जाळीने मांडणाऱ्या बायरच्या रीतीत त्या सारख्याच राहतात. प्रोग्राममध्ये मी दोन्ही रीती ठेवल्या आहेत, पण आपोआप चालू होणारी एकही नाही.