इच्छा आणि ईश्वरेच्छा

खेडच्या जगबुडी नदीच्या काठाने संध्याकाळी फिरावयास जाण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. या फेरीत पुष्कळदा आमचे एक ख्रिस्ती स्नेही सोबतीस असतात. त्यांनी सारे आयुष्य शिक्षकीत घालविले. गाव त्यांस अजून मास्तर म्हणूनच ओळखते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते काही दिवस अगदी अबोल झाले होते. आम्ही कारण विचारले नाही. एके दिवशी पुलाच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी आपण होऊनच ते सांगितले.

त्यांची मुलगी परिचारिका. आदिवासी भागातील एका लहानशा रुग्णालयात सेवा करण्याची तिची मनीषा. पगार अर्थातच बेताचा. मास्तरांनी घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू, आणि आखाती देशांत गेलेल्या आपल्या तालुक्यातील मुलांचे पैसे गावोगाव घरांच्या रूपाने उभे राहिलेले. तेव्हा मास्तर रोज रात्री कुटुंबासह गुडघे टेकून, 'प्रभो, हिच्याविषयी तुझी जी इच्छा असेल ती पुरी होवो,' अशी प्रार्थना करीत आणि सकाळी आखातातून नेमणुकीचे पत्र आले की नाही ते पाहत. एका रात्री प्रार्थना संपल्यावर मुलीने शांतपणे विचारले, "बाबा, ही इच्छा देवाची की तुमची?" मास्तर आम्हांस म्हणाले, "अहो, चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या. पण माझी स्वतःची प्रार्थना एकदाही तपासली नाही."

त्या उद्गाराने आम्हीही विचारात पडलो. जवळच्याच भरण्याच्या काळकाईस नवस बोलणारा माणूस आपणांस काय हवे ते निदान उघडपणे सांगतो. मूल हवे, खटला जिंकावयाचा आहे, मुंबईस नोकरी मिळावी, असा त्याचा रोखठोक व्यवहार असतो. आम्ही सुशिक्षित मंडळी त्याला मनातून हसतो. पण 'देवाची मर्जी' या सोज्ज्वळ शब्दांखाली आपली मर्जी झाकून ठेवणारा मनुष्य त्या नवसकऱ्याहून खरोखर वरच्या पायरीवर आहे काय? मनुष्य धर्माच्या बाबतीत जो निर्णय घेतो तो बुद्धीने घेतला असे त्यास वाटते. पुष्कळदा निर्णय आधीच इच्छेने घेतलेला असतो, आणि बुद्धी मागाहून त्याचे समर्थन करीत बसते.

ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नाचा विचार कोठे आला असेल, तर तो मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. त्या एकाच अध्यायात येशूसमोर तीन प्रकारच्या इच्छा येतात. पहिला एक धनिक गृहस्थ. तो अनंत जीवनाची वाट विचारतो. याहून उच्च मागणी ती कोणती? पण सर्वस्व विकून गरिबांस देण्याचे सांगताच त्याचे तोंड उतरते आणि तो खिन्न होऊन निघून जातो. त्याच्या मागणीच्या खाली एक दुसरी, तिच्याहून बलवत्तर इच्छा दडलेली होती. तिचा त्याने उच्चारही केला नव्हता. त्यानंतर येतात जब्दीचे पुत्र, याकोब आणि योहान. त्यांस प्रभूच्या वैभवात उजवीडावीकडची आसने हवी आहेत. अखेरीस यरीहोच्या रस्त्याकडेला भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय. विशेष हे की, त्या दोघां शिष्यांस आणि या भिकाऱ्यास येशू एकच प्रश्न करतो: आपणाकडून त्यांस काय हवे आहे? शिष्यांस थोरवी हवी, भिकाऱ्यास डोळे. मागणी म्हणून पाहिली तर भिकाऱ्याची अगदीच ऐहिक. परंतु दृष्टी लाभताच तो घरी न जाता प्रभूच्या मागून वाट चालू लागला, एवढे सांगून तो प्रसंग संपतो.

यावरून आम्हांस असे वाटते की, इच्छा किती उदात्त शब्दांत मांडली आहे यावरून तिची पारख होत नाही. आपल्याकडे निष्काम कर्माची थोरवी शतकानुशतके गायिली गेली आहे, आणि वासनेचा क्षय हे साधकाचे ध्येय मानले गेले आहे. ख्रिस्ती विचाराचा कल थोडा निराळा आहे. येशू इच्छा मारावयास सांगत नाही. तो तिला तिच्या खऱ्या नावाने बोलावयास लावतो. बार्तीमयाने आपल्या इच्छेचे खरे नाव सांगितले. धनिकाने सांगितले नाही, म्हणून ती त्याला परत घेऊन गेली.

मग ही इच्छा ओळखावी कशी? इ. स. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणास खिळलेल्या इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराने एक कसोटी शोधून काढली. त्याने वाचावयास शौर्यकथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांप्रमाणे जगण्याची. रंगविताना दोन्ही गोडच. पण पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे व उदास होई, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. इच्छेची गोडी तिच्या भरात पाहू नये, ती ओसरल्यावर पाहावी, हा धडा त्याने त्यातून घेतला. त्याचाच सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरला. म्हणजे ही विचारसरणी आपल्या किनाऱ्यासही अपरिचित नाही.

परंतु एवढी एकच कसोटी आम्हांस पुरेशी वाटत नाही. अहंकारही माणसास दीर्घकाळ समाधान देऊ शकतो. दुसरी एक कसोटी आम्हांस आपल्याच जिल्ह्यातील एका घराच्या इतिहासात सापडली.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. देशाचे पुनरुत्थान करील असा धर्म शोधण्याची तळमळ त्यांस तरुणपणापासूनच होती. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पैशासाठी वा नोकरीसाठी धर्म सोडला, असा आरोप त्या काळी अशा प्रत्येकावर होई; तो टिळकांस लागू पडत नाही, कारण त्यांच्या वाट्यास आला तो जातीचा बहिष्कार आणि बायकोमुलाचा वियोग. आपल्या इच्छेसाठी त्यांनी फार मोठे मोल दिले.

येथपर्यंत चरित्रकार सांगतात. आम्हांस त्यापुढे थोडे थांबावेसे वाटते. हे मोल एकट्या टिळकांनी दिले काय? निर्णय नारायणरावांचा होता; त्याचे दुःख मात्र लक्ष्मीबाईंच्या पदरीही पडले. लहान मुलास घेऊन, नवरा जिवंत असता नवऱ्यावाचून, नातलगांच्या आश्रयाने त्यांस काही वर्षे काढावी लागली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी हे सारे इतक्या प्रसन्नपणे सांगितले आहे की, हसता हसता वाचकाच्या घशात आवंढा येतो. टिळकांची तळमळ खरी होती याविषयी आम्हांस शंका नाही. तरीही एकाच्या सत्यशोधनाचे देणे दुसऱ्याने फेडले, हेही तितकेच खरे आहे. आध्यात्मिक इच्छा झाली म्हणून ती या हिशेबातून सुटत नाही.

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाट मात्र निराळीच. त्या नवऱ्याकडे परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सोवळेओवळे सांभाळूनच त्यांनी पुन्हा संसार मांडला. पुढे ते सोवळे आधी गळून पडले आणि बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली आला. त्यांच्या मनात प्रथम काय होते? नवऱ्याचा सहवास, मुलाचे घर; इच्छा अगदी प्रापंचिक, बार्तीमयाच्या डोळ्यांसारखी. परंतु त्या इच्छेस त्यांनी कधी भक्तीचे नाव दिले नाही, आणि जेव्हा मन खरोखर पालटले तेव्हाच त्यांनी ते पालटल्याचे कबूल केले. एवढा प्रामाणिकपणा पुष्कळ पंडितांच्याही ठायी आढळत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी बोलके आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्त्रीस मोक्षाचा अधिकार कोठे आहे, या प्रश्नाने त्यांस व्याकुळ केले होते. आणि लंडनजवळील फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांस मायेने जवळ करणाऱ्या भगिनी पाहून त्यांचे मन ओढले गेले. तथापि सुमारे आठ वर्षांनंतर त्यांस जाणवले की, आपण ख्रिस्ताचा धर्म तर स्वीकारला, पण स्वतः ख्रिस्त अजून आपणांस भेटलेला नाही. आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. एवढ्या गाजलेल्या धर्मांतरानंतर असे कबूल करावयास किती धैर्य लागले असेल! यावरून दिसते की, एकदा केलेली निवड आयुष्यभर पुरत नाही. इच्छा पुनःपुन्हा चाळून पाहावी लागते. टिळकांसही बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरावीशी वाटली, ती याचमुळे असेल. रमाबाईंच्या इच्छेचे देणे कोणी फेडले, हे मात्र केडगावचे मुक्तिसदन सांगते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली आणून पोटाशी धरल्या. त्यांच्या इच्छेमुळे दुसऱ्यांवर भार पडला नाही. दुसऱ्यांचा भार त्यांनीच उचलला.

म्हणून आमची दुसरी कसोटी ही: ज्या इच्छेस आपण ईश्वरेच्छा म्हणतो तिचे मोल कोण देणार? आपण देणार असू तर त्या नावास थोडा तरी आधार आहे. दुसऱ्याने द्यावयाचे असेल, आणि तेही त्यास न विचारता, तर ते नाव उच्चारण्यापूर्वी दहादा थांबावे. मोठेपणाची आसने मागणाऱ्या त्या दोघां शिष्यांस येशूने उलट हेच विचारले की, आपण जो प्याला पिणार तो त्यांस पिता येईल काय. आणि गेथशेमाने बागेत तो प्याला टळावा अशी स्वतःची इच्छा त्याने पित्यापासून लपविली नाही. आधी ती स्पष्ट बोलून दाखविली, मग पित्याच्या हाती सोपविली. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जी इच्छा आपण आपली म्हणून कबूलच केली नाही, ती देवाच्या हाती सोपविणार तरी कशी?

वाचक विचारतील, मास्तरांचे पुढे काय झाले? त्यांनी त्या रात्री प्रथमच मोकळी प्रार्थना केली. "प्रभो, मला पैसा हवा आहे, मला कर्जाची भीती वाटते, आणि मुलगी दूर जाईल याचे दुःखही होते," असे ते सर्वांदेखत म्हणाले. मुलगी रडली, मग ती त्यांच्याजवळ बसली आणि दोघांनी मिळून हप्त्यांचा हिशेब मांडला. तिने आखाताचे पत्र आल्यास दोन वर्षे जाण्याची तयारी दाखविली. मास्तरांनी ती स्वीकारली नाही आणि घराचा अर्धा भाग भाड्याने देण्याचे ठरविले. मुलगी आता त्या रुग्णालयात आहे. हप्ते अजून फिटलेले नाहीत, आणि भाडेकरूच्या मुलांचा गलबला मास्तरांस सोसवत नाही, अशी त्यांची तक्रार आम्ही जवळजवळ रोज ऐकतो.