बादलीत उरलेलं पाणी

आमच्या गडचिरोली भागात हिवतापाचं नवल कुणाला वाटत नसे. थंडी वाजली, अंग तापलं, घाम फुटला की माणूस उठून पुन्हा बांधीत. पण एखाद्या वर्षी तो ताप डोक्यात चढायचा. माझ्या धाकट्या बहिणीच्या चढला. बैलगाडीतून दवाखान्यात नेईस्तोवर ती ओळख विसरली होती. चौथ्या दिवशी गेली.

म्हणून दोन वर्षांनी मच्छरदाण्या औषधात बुडवायला आरोग्याची माणसं गावात आली, तेव्हा मी आपणहून त्यांच्या हाताखाली राबलो. बारावी होऊन बसलोच होतो. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात गेलेली माणसं दुपारी पुडे बांधून परतली की आपापली मच्छरदाणी घेऊन चावडीसमोर यायची. एका मच्छरदाणीला दहा मिली औषध. नायलॉनची असेल तर पाणी थोडं, सुताची असेल तर जास्त, कारण सूत पाणी पितं. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. हातमोजे घालून मच्छरदाणी त्यात चुरायची, पिळायची आणि सावलीत चटईवर पसरून वाळवायची. उन्हात टाकायची नाही, औषधाचा जोर जातो. बायका विचारायच्या, धुवायची कधी? साहेब म्हणायचे, आता पावसाळाभर नाही. त्यावर बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

साहेबांनी समजावलेली एक गोष्ट माझ्या मनात बसली. औषध लावलेल्या जाळीवर बसलेला डास मरतो, म्हणजे तो शेजाऱ्याच्या घरीही जात नाही. माझी मच्छरदाणी मच्छरदाणी नसलेल्याच्याही कामी येते. हे मला फार आवडलं. त्या दिवशी मी गावासाठी काहीतरी करत होतो, असं वाटण्याचं वयही होतं.

संध्याकाळी अर्धी बादली पाणी उरलं. साहेबांनी बजावलं होतं, विहिरीपासून, बोडीपासून दूर खड्डा खणून त्यात ओत. मी कुदळ मारून पाहिली. मेमधली ती जमीन, दगडासारखी. चार घाव घातले, हाताला फोड आला. मग बादली उचलली आणि बोडीच्या काठावर रिकामी केली. वर बादली विसळलीही.

बोडीत तेव्हा पाणी ते किती, मधल्या खोलगट जागी गुडघाभर. सकाळी मरळ आणि बारीक मासे पोटं वर करून तरंगत होते. बोडीचे मासे एका ढिवर म्हाताऱ्याकडे होते. पावसाळ्यापर्यंत तेच विकून त्याचं घर चालायचं. त्याच्याही दोन नातवांची मच्छरदाणी आदल्या दिवशी मीच बुडवून दिली होती. तो काठावर बसला होता. मला पाहून म्हणाला, "बाबू, मच्छरायचं औषद मासोऱ्यायलेबी लागते का?"

मी म्हटलं, "नाही जी. ऊन किती आहे. पाणी तापून मेल्या असतील."

तो काही बोलला नाही. टोपलीत मासे भरले, टोपली माझ्यापुढे ठेवली. "उनानं मेल्या म्हंतेस ना? मंग ने घरी. मायले रांधाले सांग."

आवाज चढलेला नव्हता. मी टोपली उचलली. तिथेच "काका, मीच केलं" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. घरी तर नेणं शक्य नव्हतं. बांधीच्या कडेला गेलो आणि तीच कुदळ घेऊन हातभर खड्डा खणला. फोड फुटला. मासे पुरले, वर काटे टाकले, कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून. त्याला अर्धा तास लागला असेल.

पुढे कित्येक दिवस मी मनाशी वाद घालत होतो. एका बाजूला गावातली लेकरं, दुसऱ्या बाजूला टोपलीभर मासे. बहीण आठवली की हिशेब लगेच जुळायचा. पण तो हिशेब खोटा होता. मासे की लेकरं, असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मासे की अर्ध्या तासाची खोदाई, एवढंच माझ्यापुढे होतं. बहिणीचं नाव मी मधे आणलं, ते स्वतःला लपवायला. तिच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली एवढी वाईट गोष्ट दुसरी नाही.

नंतर धाग्यातच औषध असलेल्या मच्छरदाण्या आल्या, बादलीचं काम संपलं. वीसेक वेळा धुतल्या तरी चालतात म्हणे. लोक त्यांनी मासे धरतात, कोंबडीची पिल्लं झाकतात, म्हणून अधिकारी चिडतात. मी कुणाला बोलत नाही. आमच्या घरची मच्छरदाणी मात्र मीच धुतो, आणि पाणी परड्यात लांब नेऊन खड्ड्यात ओततो. बायको म्हणते, एवढ्याशा पाण्यानं काय होते?

म्हातारा त्या पावसाळ्यानंतरही बरीच वर्षं होता. बोडी भरली की पहिली मरळ आमच्या घरी पाठवायचा. आई रांधायची. मी जेवायचो.